पलीकडचा धक्का

सलग चार उन्हाळे नोटबुर्गा आल्प्समधल्या त्या तळ्याच्या मध्यापर्यंत पोहून परत फिरली होती. वितळलेल्या बर्फाचं ते पाणी जुलैतही हाडं गोठवायचं. "साठी आलीय तुझी, आता काठाशी डुंबत जा," असं तिची बहीण रोझविता दरवर्षी बजावायची.

यंदा मध्यावर पाय जड झाले, पण ती वळली नाही. हात मारत राहिली, आणि भर दुपारी पलीकडच्या लाकडी धक्क्याची शिडी तिच्या हाताला लागली.

रोझविता मोटारीने वळसा घालून आली होती आणि धक्क्यावर टॉवेल घेऊन उभी होती. "पोचलीस की गं, म्हातारे!" ती रडत रडत हसली. गवतावर ऊन खात पडलेली माणसं उठून टाळ्या वाजवू लागली. बटाटे तळणाऱ्या टपरीवाल्याने कढईवर झारा बडवला.

नोटबुर्गाने धक्क्यावर चढून दोन्ही हात उंचावले आणि समोरच्या कड्याकडे बघत ती छाती फुटेस्तोवर ओरडली, "आले मी!"

"आले मी!" कड्याने उत्तर दिलं. सगळे हसले.

"आले मी!" पुन्हा ऐकू आलं. या वेळी तळ्याच्या मध्यावरून, आणि जरा धापा टाकत. टाळ्या थांबल्या. पाणी शांत पसरलं होतं. त्यात कुणीच नव्हतं.

"आले मी!" तिचाच आवाज आता धक्क्याखालून आला, आनंदाने नुसता फुललेला. रिकामी शिडी वजनाने करकरली, आणि रोझविताने नकळत टॉवेल पुढे केला.