हातावरचं नाव

"मला अक्षरं येत न्हाईत," गोंदणारीण म्हणाली. "तुळस काढीन, फुलं काढीन. नाव पायजे आसंल तर काजळानं तूच लिव. म्या त्याच्यावरनं टोचत जाते."

गड्ड्याची जत्रा भरली होती आणि ऊन चांगलंच चढलं होतं. पोरीने काजळात बुडवलेली काडी हातात घेतली. धनगराची आईबापावेगळी पोर, पंधरा वर्षांची. आठव्या वर्षापासून सोलापुरात वेणीमाधव मास्तरांच्या घरी शिकायला राहिलेली. शेजारी तिची आत्या म्हाळसाबाई उकिडवी बसली होती. मेंढरं माढ्याच्या रानात दिराच्या भरवशावर सोडून ती एवढ्यासाठीच आली होती. गोंदल्यावाचून त्यांच्यातली एकही पोर आजवर राहिली नव्हती.

"मेल्यावर सोनंनाणं हितंच ऱ्हातंय," ती म्हणाली. "गोंदल्यालं तेवढं संगं येतंय. लिव, बना."

बना. या नावाने तिला आता एकटी आत्याच हाक मारायची. मास्तरीणबाईंनी पुढे तिचं नाव मृणालिनी ठेवलं. शाळेतही तेच लागलं. त्या नावाला ओ देताना तिला आपण कोणीतरी आहोत असं वाटे. पण त्याच घरात तिचं पान स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर मांडलं जाई. आणि गावी गेली की चुलत्या हसून म्हणत, बामणीण आली गं, घोंगडं झटकून द्या. धड इकडची नाही, धड तिकडची नाही. जन्मभर अंगावर वागवायचं नाव मात्र एकच, आणि इथे ते वाचणारं कोणी नव्हतं.

तिने लिहिलं, मृणालिनी.

सुया टोचू लागल्या. रक्ताचे बारीक थेंब वर आले. पोर ओठ आवळून बसली. आत्याने तिचं डोकं छातीशी धरलं होतं आणि टोचणीगणिक तीच 'बिरोबा, बिरोबा' म्हणत होती. पोरीला सुईपेक्षा तेच जास्त लागत होतं.

काम झालं तशी म्हाळसाबाईने आपला हात पुढे केला.

"आता माझ्या हातावर बी ह्येच काढ. मला पोर न्हाय की बाळ न्हाय. हाय ती तूच."

पोरीने काडी उचलली, पण ती हातावर टेकवेना. तिला स्वतःची लाज वाटली.

"आत्या," ती म्हणाली, "मी बना नाही लिहिलं. मृणालिनी लिहिलंय."

गोंदणारीण सुया पुसता पुसता थांबली. म्हाळसाबाई त्या सुजलेल्या अक्षरांकडे बघत राहिली.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुला शाळंत घातलं त्या दिशी मास्तरांनी तुजं नाव पाटीवर लिवून दावलं व्हतं. येवढं लांबडं नव्हतं त्ये."

पोर मान खाली घालून बसली. आत्याने हात मागे घेतला नाही.

"लिव की," ती म्हणाली. "पन त्याआदी मला त्ये म्हनायला शिकीव."