भांडणाची तालीम

मेकअपवाल्या दादांनी मास्तरांच्या गळ्याभोवती पांढरं फडकं बांधलं आणि शेजारच्या खुर्चीतल्या वकिलांकडे पाहिलं. एव्हाना दोघांची तालीम सुरू व्हायला हवी होती. सात वाजता वृत्तवाहिनीवरच्या चर्चेत दोन विरोधी पक्षांकडून एकमेकांच्या उरावर बसणारे हे दोघे सहा वाजता इथे एकच बिस्किटाचा पुडा संपवत, आणि आज कोण कुणाला काय म्हणणार ते आधीच ठरवून घेत. कुणाला खरंच लागू नये म्हणून. तीस वर्षांची मैत्री, ती काय निवडणुकीपायी मोडायची?

आज मास्तर आरशात स्वतःकडेसुद्धा बघत नव्हते.

"बोल की," वकील म्हणाले. "मतदान आठ दिवसांवर आलंय. आज कुणी कुणाचे वाभाडे काढायचे?"

"नात बोलत नाही," मास्तर म्हणाले.

"रुसली असेल."

"चार दिवस झाले. एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, घशाला काही झालेलं नाही."

दादांच्या हातातला स्पंज थांबला.

"तिच्या चौथीच्या वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत टीव्हीवरची चर्चा खेळतात," मास्तर सांगू लागले. त्यांचा आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखा सपाट होता. "एक जण निवेदक होतो. बाकीचे बाकांवर पट्ट्या आपटतात. चार दिवसांपूर्वी हिला मध्ये उभं केलं. तुझ्या घरात देशाचं भलं चिंतणारं एक तरी माणूस आहे का, सांग. सुट्टी संपेपर्यंत हेच. सगळा वर्ग. हिच्या शेजारी बसणारी मैत्रीणसुद्धा."

वकिलांच्या हातातलं बिस्कीट तसंच राहिलं. गेल्या आठवड्यात हेच वाक्य ते मास्तरांच्या अंगावर ओरडले होते, आणि वाहिनीने ते दर तासाला दाखवून दाखवून पाठ करून घेतलं होतं.

"माझ्या तोंडून गेलं रे ते," ते म्हणाले.

"तोंड तुझं. वाक्य माझं होतं. तू नुसती मला नावं ठेवणार होतास. मीच म्हटलं, त्यात दम नाही, घर काढ. घर काढलं की बघणारा उठून बसतो."

खरंच असं झालं होतं. याच खुर्च्यांवर. तेव्हा दोघे खो खो हसले होते आणि पावडरचा डबा हातात धरून दादाही हसले होते. दादांना आता स्वतःचीच लाज वाटली. मोठी माणसं खोटं खोटं भांडतात हे या खोलीतल्या तिघांना माहीत होतं. बाहेर कुणाला सांगायचं मात्र एकालाही सुचलं नव्हतं.

"मग आज आलास कशाला?" वकिलांनी विचारलं.

"ती सातला टीव्हीसमोर बसते. रोज. म्हणून आलो. आज कुणी काहीही म्हणो, मी आवाज चढवणार नाही. चहूबाजूंनी घेरलं तरी माणूस शांत बसू शकतो, एवढं तिला दिसू दे."

वकिलांनी घसा खाकरला. "मग मीही नाही चढवणार. शब्द देतो."

दारातून कार्यक्रमाची निर्माती डोकावली. "सर, आज जरा तिखट होऊ द्या हं. काल फार मिळमिळीत झालं." ती आली तशी गेली.

दादा मेकअपच्या खोलीतल्या लहान टीव्हीवर बघत राहिले. वकिलांनी शब्द पाळला. अकरा मिनिटं पाळला. मग निवेदकाने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "वकीलसाहेब, आज फारच मवाळ? की आतून काही ठरलंय तुमचं?" वकिलांनी टेबलाखाली फोनकडे नजर टाकली. पक्षाच्या कचेरीतून काय आलं असेल हे दादांना न वाचताही कळलं. वकिलांचा आवाज आधी थोडा चढला, मग नेहमीइतका, मग नेहमीपेक्षा जास्त.

मास्तर हाताची घडी घालून बसले होते. ते कॅमेऱ्यात थेट बघत होते आणि अगदी थोडं हसत होते. ते कुणासाठी हसतायत हे फक्त वकिलांना आणि दादांना ठाऊक होतं. त्यांच्या चेहऱ्याखाली लाल पट्टी आली. 'मास्तर निरुत्तर.' निवेदकाने तीनदा वाचूनही दाखवली.

चर्चा संपून जाहिराती सुरू झाल्या तसे दोघे परत आले. वकील आपल्या खुर्चीत न बसता दाराशीच उभे राहिले.

"मला जमलं नाही रे, मास्तर."

"असू दे," मास्तर म्हणाले. "माझं तर झालं ना. तिने बघितलं असेल."

दादा कापसाने त्यांच्या कपाळावरचा रंग पुसत होते, तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. सुनेचा होता. गालाला क्रीम लागलेलं, म्हणून दादांनीच स्पीकर सुरू करून फोन समोर धरला.

"बाबा," सून म्हणाली, "ती बोलली."

मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. त्यांनी जवळ आलेल्या वकिलांचा हात घट्ट धरला, आणि त्या क्षणी दादांना वाटलं की सगळं निभावलं.

"काय म्हणाली?"



"म्हणाली, आजोबा हरले. आता मला शाळेत कधीच पाठवू नका."