सपाट रेघ

डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर काढलेले दोन कागद दवाखान्यातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक लंकाबाईचा, एक तिच्या धाकट्या जावेचा, रुपालीचा. मागच्या बुधवारी याच बाईंनी पुण्याहून येऊन दोघींच्या कंबरेला काडेपेटीएवढी डबी पट्ट्याने बांधली होती. पाठ दुखणारं माणूस दिवसभरात किती हलतं, किती बसतं, किती पडून राहतं, ते ही डबी टिपून ठेवणार होती. आज डब्या सुटल्या होत्या आणि आत साठलेलं कागदावर उतरलं होतं.

सासू गोजरबाई भिंतीकडेच्या बाकावर बसली होती. दोघींचं पाठीचं गाऱ्हाणं ऐकून ती कंटाळली होती. जिचा कागद जास्त राबलेला निघेल ती यंदा कांदालागवडीला घरी चुलीपाशी राहील, दुसरी येडगावच्या वावरात वाकेल, असं तिने निघतानाच सांगून टाकलं होतं.

लंकाबाईला कागदाची काळजी नव्हती. अकरा वर्षं ती बघत होती. वावरात काम नसेल त्या दिवशी ती घरी असे आणि दिसे, दुपारची भांडी झाली की रुपाली खोलीत जाऊन दार लावून घेई, ते दार चार वाजता उघडे. तिचा नवरा गोकुळ बेल्ह्याच्या बाजारातून येताना तिच्यासाठी मलम आणी. लंकाबाईच्या पाठीचं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"रेघ वर गेली म्हणजे माणूस चालतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सपाट गेली म्हणजे बसलंय नाहीतर झोपलंय."

लंकाबाईला वाचता येत नव्हतं, पण उभं आणि सपाट कळत होतं. एका कागदावर उभ्या रेघा बाजरीच्या ताटांसारख्या दाटल्या होत्या. दुसऱ्यावर सकाळ-संध्याकाळ थोडं खुरटं काही उगवलेलं, मधे नुसतं पटांगण. तिने त्या पटांगणावर बोट ठेवलं.

"ह्यो हिचा."

"नाही मावशी, तो तुमचा."

गोजरबाई हसली. "धा वाजल्यापास्नं पाचपतूर बसून व्हतीस व्हय गं? तरीच खुरपणी उरकत नाय."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की इतकं बसणं पाठीला चांगलं नाही, रोज थोडं चालत जा. रुपालीला त्यांनी उलट सांगितलं. दुपारी एक ते चार तुमची रेघ खालीच येत नाही, निदान अर्धा तास तरी पडत जा.

"दुपारी?" लंकाबाई म्हणाली. "दुपारी झोपती की ती."

रुपालीने पदर सारखा केला. "पडलं का जास्ती दुखतं, आक्का. दार लावून येरझाऱ्या घालते. कुणी बघितलं तर म्हणंल, हिंडाया येतंय, मंग रोज वावरात का येत नाय."

अकरा वर्षं लंकाबाईने त्या झोपेचा हेवा केला होता. ती झोप नव्हतीच. मग तिची नजर पुन्हा कागदाकडे गेली आणि तिला त्या उभ्या रेघांचा हेवा वाटला.

ती उठली. पदर खोचून टेबलासमोर फरशीवर उकिडवी बसली. "माझं बसणं असं असतंय, बाई," ती म्हणाली. डाव्या हाताने नसलेलं गवत बाजूला धरलं, उजव्या मुठीत नसलेलं खुरपं धरलं आणि पायाच्या चवड्यांवर वीतवीत पुढे सरकू लागली. गुडघे छातीशी, मान खाली. हात चालत होते, कंबर जागची हलत नव्हती.

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून वाकून बघू लागल्या. "असं किती वेळ?"

"वाफा सरंस्तवर."

बाईंनी पेन उघडलं आणि त्या सपाट रेघेवर काहीतरी लिहायला घेतलं.

तेवढ्यात रुपालीही खाली बसली. "एकटीचं कळायचं नाय, म्याडम. शेजारची पात मी धरते."

खुरपायला बसलेल्या प्रत्येक बाईच्या वाट्याला वावराची एक पट्टी येते, ती तिची पात. जिची पात मागे पडते तिला दिवसभर टोमणे खावे लागतात. मागे दुसरे पाय फरशीवर घासल्याचं ऐकू आलं आणि लंकाबाईचा हात आपोआप झपाट्याने चालू लागला. ती एकदाही न थांबता समोरच्या भिंतीपर्यंत गेली.

मग तिने वळून पाहिलं. रुपाली तिसऱ्या फरशीवर अडकली होती. एक हात जमिनीवर, एक कंबरेवर, ओठ घट्ट मिटलेले. तिला पुढेही सरकता येत नव्हतं आणि उठताही येत नव्हतं.

"मंग आता घरी कोण ऱ्हायाचं?" गोजरबाईने विचारलं.

वावरात जी बाई आधी शेवटाला पोचते ती परत फिरते आणि मागे राहिलेलीची पात समोरून खुरपत येते. लंकाबाई सगळ्यांसाठी अशी परत फिरत आली होती. रुपालीसाठी कधी नाही.

ती न उठता तशीच वळली आणि रुपालीच्या पातीत समोरून सरकत आली, एकेक फरशी मागे टाकत, दोघींचे गुडघे एकमेकींना लागेपर्यंत.

"घरी तूच ऱ्हा," ती म्हणाली. "पन येरझाऱ्या घालशील तवा दार उघडं ठिव."