दाखल्यावर नसलेली खोड

"खोड सांग," हिरालाल मालगुजार तिसऱ्यांदा म्हणाले.

टेबलासमोर यादोराव उभा होता. नागपूरच्या मोठ्या कॉलेजातून नाव कमी करून तो गोंदियाच्या या नव्या कॉलेजात दाखल व्हायला आला होता. कॉलेज कसलं, मालगुजारांचं धानाचं गोदाम ते! पोती बाजूला सारून बाकं टाकली होती आणि उंदरांना ही बातमी अजून कोणी कळवली नव्हती. चार प्राध्यापक, आठ विद्यार्थी. नववा विद्यार्थी आजच्या आज मिळाल्याची तार आली नाही तर कॉलेज बंद, असं युनिव्हर्सिटीचं पत्र आलं होतं. पाच वाजता तार ऑफिस बंद होणार होतं आणि आता सव्वाचार झाले होते.

म्हणजे यादोरावाला हार घालून आत घ्यायला हवं होतं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी तर स्टेशनवर जाऊन त्याची वळकटी स्वतः उचलून आणली होती. पण कॉलेज मालगुजारांच्या पैशावर उभं होतं, आणि मुलं घेण्याचं काम त्यांनी आपल्याच हातात ठेवलेलं. त्यांना लॉजिक कळत नव्हतं, इकॉनॉमिक्स कळत नव्हतं. पण दुसऱ्याच्या गोठ्यातून आलेलं जनावर कसं पारखायचं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. चाळीस वर्षं बैलबाजार केलेला माणूस. यादोरावाला त्यांनी गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालवून पाहिलं होतं. दात तेवढे बघायचे राहिले होते.

"चांगला बैल कोनी इकते का गा?" मालगुजार म्हणाले. "तुह्या पहिल्या मालकानं तुले काऊन सोडलं?"

"मीच सोडलं, बाबूजी. बाबा चैतात गेले. आई तिकडं तिरोड्याजवळ गावाले एकटी राहते. नागपूरहून दोन-दोन महिने येणं होत नाही. इथून दर शनिवारी गाडीनं घरी जाता येईल."

हे अक्षर न् अक्षर खरं होतं. त्याची आई निर्मलाबाई रोज संध्याकाळी एकटीच्याच भाकरी थापायच्या, आणि ते आठवलं की त्याला नागपुरात घास गिळवत नसे.

मालगुजारांनी मान हलवली. "बैल इकतानी सारे असंच सांगतेत. घरी अडचन आये म्हनून इकून राहिलो, नाहीतर जनावर गाईवानी गरीब आये."

"अहो, दाखल्यावर स्पष्ट लिहिलंय," प्रिन्सिपॉलसाहेब कळवळून म्हणाले. "वर्तणूक उत्तम!"

"तेच तर साहेब. बैलाच्या पावतीवर बी उत्तमच लिवून राहते." मालगुजारांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन नडगीवरची जुनी जखम दाखवली. "हे अशाच एका उत्तम वर्तनुकीनं मारलं मले."

प्रिन्सिपॉलसाहेब यादोरावाच्या कानाशी लागले. "काहीतरी सांगून टाका हो. खोटं सांगा, पण सांगा."

यादोराव एक पाऊल पुढे सरकला. "मी वर्गात झोपतो, बाबूजी."

"आठही झोपतेत."

"लॉजिकात नापास झालो होतो."

"ते नशीब झालं. खोड सांग."

"मी... मी बिडी ओढतो."

मालगुजार पोट धरून हसले. "अरे बाप्पा, गोंदियात राहून जो बिडी ओढत नाही, तो खोडीचा!"

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले. नागपूरचं नाव तर कटलं होतं. इथं घेतलं नाही तर सोमवारपासून नांगर धर, पुस्तकं बांधून ठेव, असं बकारामकाकानं बजावूनच पाठवलं होतं. यादोरावाला आईचा चेहरा दिसला, काकाचा दिसला, आणि मग त्याला सरळ राग आला. आता जे होईल ते होवो.

"खरं सांगू? मी प्रश्न विचारतो," तो म्हणाला. "प्रोफेसर शिकवून राहिले की माझा हात वर जाते. काऊन म्हणून विचारतो. नाही समजलं तर पुन्हा विचारतो. दोनदा मला वर्गाबाहेर काढलं, तरी सवय जात नाही."

आईलासुद्धा त्यानं हे सांगितलं नव्हतं.

मालगुजारांनी मांडीवर थाप मारली. "हां, आता कसा बोलला! तासात मधीच थांबते, एवढंच ना? थांबू दे. खोड समजली की बैल आपला. घ्या साहेब याले. करा सही, तार पाठवा."

पण प्रिन्सिपॉलसाहेबांनी टाक खाली ठेवला होता. दौतीचं झाकणही लावलं होतं.

"हा विद्यार्थी आपल्याला झेपायचा नाही," ते म्हणाले.

"साहेब, नववा आये हा. हा नाही तर कॉलेज बंद."

"होऊ द्या बंद."

मालगुजार बघतच राहिले. आधी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या तोंडाकडे, मग पायांकडे, मग परत तोंडाकडे. त्यांनी खुर्ची हळूच त्यांच्या बाजूला वळवली.

"पोरा," ते यादोरावाला म्हणाले, "हे बी नागपूरच्याच कॉलेजातून आले. याहीले ठेवतानी मी घाईत होतो. नुसता दाखला पाहिला, उत्तम होता. आता तूच इचार."

यादोरावाचा हात सवयीनं वर गेला.

"सर, तुम्ही नागपूर काऊन सोडलं?"

प्रिन्सिपॉलसाहेबांनी दौतीचं झाकण पुन्हा उघडलं.

"तिथंही एकाचा असाच हात वर जायचा," ते म्हणाले. "म्हणून इथवर पळून आलो. आणि गोंदियाच्या पुढे तर नुसतं जंगल आहे." त्यांनी सही केली.