उन्हात मेलेले किडे

"तुटली! भिंत तुटली, सर!" नात्सुए एवढ्यानं ओरडली की आराकी सर चहाचा कप हातात घेऊनच धावत आले.

प्रयोगशाळेच्या टेबलावर तिच्यासमोर काचेच्या दोन बश्या होत्या. दोन्हींत तिच्याच नाकातून काढून वाढवलेल्या पेशींचा थर होता. एकमेकींचे हात घट्ट धरून भिंतीसारख्या उभ्या असलेल्या पेशी, आत कुणाला म्हणून सोडायच्या नाहीत. काल तिनं एकीत आपल्या स्वतःच्या गादीवरची धूळ पाण्यात कालवून सोडली होती आणि दुसरीत लेकीच्या, फुमिकाच्या गादीवरची. आपल्या मळक्या गादीपुढे पेशी टिकणार नाहीत, असंच तिला वाटलं होतं. झालं भलतंच. फुमिकाच्या स्वच्छ गादीनं पेशींचे हात सोडवून टाकले होते.

"पण त्या गादीला तर रोज ऊन देता ना तुम्ही?" सर म्हणाले. "धुळीतले बारीक किडे मेलेले असणार."

"मेलेलेच आहेत! पण त्यांची विष्ठा कुठे मरते? तिच्यातला पाचक रस हे हात कापत सुटलाय. आणि बडवून बडवून तिचा पार भुगा झालाय, सगळा वर येऊन बसलाय!"

बडवणाऱ्या म्हणजे तिच्या सासूबाई, तोकिए. रोज सकाळी नातीची गादी गॅलरीच्या कठड्यावर टाकायची आणि वेताच्या थापीनं अशी झोडपायची की समोरच्या इमारतीलाही आजीची माया ऐकू जावी. नात्सुए सकाळीच कामावर पळे. तिची गादी आपली पडलेली. मग टोमणा ठरलेला. "जगाच्या किड्यांचा अभ्यास करतेस, घरचे किडे कोण मारणार? तुझा आळस माझ्या नातीच्या छातीवर बसलाय." खरं तर नात्सुएलाही तसंच वाटू लागलं होतं. उन्हाळा सरला की फुमिकाचा दमा उसळायचा. शाळेच्या मैदानी खेळांत बाकीची पोरं धावायची आणि ही बाकावर बसून टाळ्या पिटायची. यंदाची शर्यत रविवारी होती.

नात्सुएनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सायकल दामटली. आज सासूबाईंना ऐकवणार म्हणजे ऐकवणारच! जिना चढतानाच तिला तो धपाधप आवाज आला. ती बूट काढून तशीच गॅलरीत गेली आणि वर उचललेली थापी तिनं हवेतच धरली.

"आई, बस करा! तुम्ही बडवता, म्हणून तिला त्रास होतो!"

नात्सुएनं एका दमात सगळं सांगितलं. गादी आता धुवायची, व्हॅक्यूमनं तिच्यातली धूळ नीट ओढून घ्यायची, पण बडवायची नाही. बोलता बोलता तिचा राग कुठल्या कुठे गेला, उरला तो नुसता आनंद.

"पेशी कुणाच्या होत्या म्हणालीस?" तोकिएनं विचारलं.

"माझ्या."

"तुझ्या? अगं, तू तर घोड्यासारखी धडधाकट! कधी खोकलेली आठवत नाहीस."

"तरी तुटल्या, आई. ती धूळ कुणाच्याही पेशी तोडेल."

तोकिएनं थापी बाजूला ठेवली. ती तिथेच खाली बसली. आता रडणार की भांडणार, नात्सुएला कळेना. तेवढ्यात समोरच्या गॅलरीत मोरिवाकीबाई आपली गादी बडवायला लागल्या. तोकिए ताडकन उठली, कठड्यावरून अर्धी बाहेर वाकली आणि सगळ्या इमारतींना ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो मोरिवाकीबाई, थांबा, थांबा! आमच्या सूनबाईनं शोध लावलाय! माझा बाप दम्यानं गेला, वाटायचं नातीला माझ्याच रक्तानं खाल्लं. नुसतं रक्त नाही हो, धूळ होती, धूळ!"