काचेवरची वाफ

बोगद्यातल्या त्या लांबलचक नळीवर मिस्त्रीचा भारी जीव होता. तिच्यातून अणूंहून बारीक कण गोल गोल धावायचे, त्यासाठी आत हवेचा मागमूसही चालायचा नाही. म्हणून त्याने नळीला आतून लेप दिला होता. हा लेप उरलीसुरली हवा गिळायचा आणि गिळलेलं परत द्यायचा नाही. "माझ्या धाकट्या दिरासारखा," बायको म्हणायची.

उद्या नळी पुन्हा सुरू होणार होती. मग बोगद्यात कुणालाच पाऊल टाकता येणार नव्हतं. जाता जाता तो नळीच्या काचेच्या खिडकीपाशी थांबला. चष्म्यावर सोडतात तसा त्याने काचेवर श्वास सोडला आणि ती फडक्याने गोल गोल पुसली. हा त्याचा नेहमीचा शिरस्ता.

वाफ जाईना. त्याने फडकं उलटं केलं, बोटाने घासून पाहिलं. काच बाहेरून लख्ख कोरडी होती.

तेवढ्यात वरच्या खोलीतून इंजिनिअर बाईंचा फोन आला. "काका, निघा आता. दाब इतका खाली कधीच आला नव्हता. आत हवा औषधालासुद्धा उरली नाहीये."

"उरेल कशी," तो म्हणाला. त्याला बरं वाटलं. त्याने फडक्याची घडी करून खिशात ठेवली.

तेव्हा वाफेच्या मधोमध, काचेच्या आतल्या बाजूने, एक स्वच्छ ठिपका उमटला आणि पसरू लागला. सावकाश, गोल गोल, अगदी त्याच्याच हाताच्या वळणाने.