पिठाचा रस्ता

तांब्या म्हणजे पाण्याची टाकी. वीट म्हणजे शाळा. मास्तरांची डावी चप्पल म्हणजे दवाखाना. उजवी त्यांच्या पायातच होती, त्यामुळे मास्तर दवाखान्याभोवती लंगडत फिरत होते. काडेपेट्या म्हणजे घरं, ज्याची त्याने आणून ठेवलेली. आणि कडेला, जिथून गावात शिरायचं तिथे, एक उपडी वाटी. ती गिरणी.

रस्ता वाटीवरून गेला होता.

अगदी वाटीवरून. शाळेच्या अंगणात मांडलेल्या या उद्याच्या गावात बाकी सगळं जिथल्या तिथे राहिलं होतं, एकटी गिरणी तेवढी आडवी आली. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला खडक, मधे गिरणी. आणि ट्रक शिरेल एवढा रस्ता तर हवाच. सकाळी हात वर करून ठरलं. पहिला हात गिरणीवालीच्या थोरल्या जावेचा. मास्तर म्हणाले, गाव करील ते राव काय करील. आपल्याला राव कधी केलं, हे गिरणीवालीला विचारायचं होतं, पण तेवढ्यात रेघा ओढायची फक्की संपली आणि मास्तरांनी तिच्याकडेच पीठ मागितलं. खाली सांडलेलं, झाडून भरलेलं चालेल म्हणाले. तिने परात भरून दिलं. गिरणीवर नांगर फिरायचा तो फिरायचाच, वर बैलही घरचे.

मग सगळी जेवायला गेली, आणि कोंबड्या जेवायला आल्या.

माणसं परतली तेव्हा रस्ता नव्हता. गल्ल्या नव्हत्या. पूल होता तिथे एक कोंबडी तृप्त मनाने पंख झाडत होती. कोंबड्या गिरणीवालीच्या. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिने कोंबड्यांकडे पाहिलं. तिने काही म्हणजे काही केलं नव्हतं. खुराड्याची कडी नीट बसत नाही हे गावाला ठाऊकच होतं. आज ती विसरल्यामुळे बसवायची राहिली नव्हती. आठवत असून बसवली नव्हती, एवढंच.

रस्तेवाले साहेब घटकाभरात येणार, मांडलेलं गाव बघणार आणि त्यावरून आखणी करणार. रडायला वेळ नव्हता. तिने पुन्हा परात भरून आणली. मास्तर म्हणाले, आठवेल तसं काढू या.

आठवेल तसं.

दुकानदाराच्या आठवणीत: रस्ता दुकानासमोरून.

शिंप्याच्या: शिंप्याच्या ओट्याला लागून, आणि तिथे जरा रुंद.

न्हाव्याच्या म्हातारीला सकाळी कुणी बोलावलंच नव्हतं. तिला सगळ्यांत स्पष्ट आठवत होतं.

जो तो मूठभर पीठ घेऊन आपापल्या काडेपेटीपुढे उकिडवा बसला. रस्ता डावीकडे गेला, काही विसरल्यासारखा परत फिरला, दोन परसं ओलांडून गेला, जावेच्या न्हाणीला वळसा घातला आणि मास्तरांच्या दारात दोनदा आला. कुणी कुणाला खोटं पाडेना, कारण पुढची मूठ आपली होती. गिरणीवाली परात घेऊन फिरत होती. मागेल त्याला देत होती, अजून घ्या म्हणत होती. वाटीकडे ती बघतसुद्धा नव्हती. वाटीच्या आसपास पिठाचा कणही पडला नव्हता.

साहेब आले. रस्त्याच्या कडेकडेने चालले, वळले, परत वळले, मास्तरांच्या दारात आले, थोड्या वेळाने पुन्हा मास्तरांच्या दारात आले.

"सगळ्यांच्या दारात जातो की हा."

मास्तर म्हणाले, आमच्याकडे भेदभाव नाही.

"छान. पण गावात येतो कुठून?"

लोकांनी रस्ता नजरेने या टोकापासून त्या टोकापर्यंत धुंडाळला, पण त्याला टोकच नव्हतं. साहेब कपाळ पुसत म्हणाले, घाई नाही, पलीकडचं गाव कधीपासून मागे लागलंय, यंदा त्यांचा करू. मग एकेक नजर वाटीपाशी गेली, आणि तिथून गिरणीवालीच्या परातीत. तळाला मूठभर पीठ होतं.

नाही म्हणाली असती तर गिरणी वाचत होती. आणि डोक्यावरून दळण आणणारी माणसं ते जन्मभर डोक्यावरूनच आणत राहिली असती.

तिने ती मूठ उचलली, परात खाली ठेवली. पदर खोचला, घरं चुकवत आत गेली आणि वाटी उचलली. आतल्या रस्त्यापासून, वाटी होती तिथून, थेट गावाबाहेर तिने रेघ ओढली, सरळ, दिवसभरात कुणाला जमली नव्हती अशी. मग ती उठली. गिरणी तिच्या हातात होती.

"आता ही कुठं ठेवू?"

ती उद्याच्या गावातून गिरणी घेऊन हिंडू लागली. शिंप्यापाशी थांबली तर शिंपी आपल्या काडेपेटीपुढे पाय फाकून उभा राहिला. दुकानदार सांगू लागला की जागा आहे, नाही असं नाही, पण पीठ उडतं, साखरेला लागतं. मास्तरांनी घाईघाईने दवाखाना पायात घातला.

थोरली जाऊ मात्र खाली बसली. गेलं वर्षभर दोघींचं बोलणं भांडणापुरतंच उरलं होतं, त्यामुळे आताही तिने वर पाहिलं नाही. तिने आपली काडेपेटी वीतभर सरकवली. मोकळ्या झालेल्या जागेवरचे खडे वेचून फेकले, तळहाताने माती सारखी केली.

"ठेव इथं, धाकटे," ती म्हणाली. "पण सकाळी माझा चहा होईस्तोवर घरघर चालायची नाही."